खारड्याचा बोअर बंद करू नका

जयपूर, २४ मे १९५९

हरिभाऊ,

नमस्कार लिहीत नाही. तुमच्यावर रागावले आहे, आणि रागावलेल्या बाईने नमस्कार लिहिला तर तो खोटाच असायचा.

तार तुम्हाला पोचली होती. प्रभावहिनींचं कार्ड आलं, त्यात आहे, ‘ह्यांना ताप भरला म्हणून निघता आलं नाही.’ ताप! दिल्लीहून जयपूर म्हणजे काय काशीयात्रा आहे? उमाकांतराव गेले आणि तुम्ही पांघरूण घेऊन पडून राहिलात. वहिनींना काही बोलणार नाही, त्यांचा काय दोष? तुम्हाला मात्र सोडणार नाही.

कसे गेले ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. खारड्याच्या बोअरवर गेले. दुपारी देवरामने चहा आणला. आपला खानदेशी मिस्त्री देवराम, अजून तस्साच आहे, तोंडात तंबाखू आणि कपाळाला आठी. तर त्याला म्हणाले, ‘ठेव, निवू दे जरा. पाइप ओळंब्यात आहे का तेवढं बघून ये.’ तो बघून आला तोवर हे खेजडीच्या झाडाखालच्या खाटेवर आडवे झालेले. दमले असतील, झोपू दे, म्हणून त्याने हाक मारली नाही. चहावर माश्या बसायला लागल्या तरी उठेनात, तेव्हा त्याने हलवून पाहिलं.

मला न्यायला जीप आली. झोटवाडा गेलं, चौमूं गेलं, पुढे रस्ता संपून नुसती वाळू लागली, आणि सगळ्या वाटेत मी ड्रायव्हरशी भांडत होते. भैया, हळू चालव. भैया, इतकं हळू काय चालवतोस? काय बोलत होते माझं मला ठाऊक नाही. रडले मात्र नाही. वाईहून त्यांचे भाऊ येईपर्यंत त्या उन्हात थांबणं शक्य नव्हतं. संध्याकाळी गावाबाहेर देवरामनेच अग्नी दिला. लग्न नाही, मूल नाही, आणि हक्काचे म्हणावेत ते दोघे मित्र. एक मी, बाईमाणूस, आणि दुसऱ्याला ताप.

आता कामाचं. खात्याचा हुकूम आलाय. खारड्याचा बोअर सोडून द्या आणि पंधरा जूनला यंत्र बाडमेरकडे हलवा. कारण काय, तर या भागात खोलवर गोडं पाणी नाही हे पूर्वीच्या पाहणीत सिद्ध झालं आहे. पाहणी तुमची, नकाशा तुमचा, आणि हुकमाखाली सहीसुद्धा तुमचीच. फिर्यादी तुम्ही आणि न्यायाधीशही तुम्ही, छान चाललंय.

उमाकांतराव म्हणत होते, खाली गोडं पाणी आहे आणि आता थोडंच राहिलंय. मला जमिनीच्या पोटातलं काही कळत नाही, मी आपली बाटलीतलं पाणी तपासणारी. पण एक ओळ लिहा, हरिभाऊ. यंत्र जूनअखेरपर्यंत तिथेच राहू दे. यंत्र गेलं की अर्धा खणलेला बोअर ढासळतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. मग पुन्हा त्या गावाकडे कुणी फिरकणार नाही. रागावून का होईना, पण मागतेय.

शालिनी

जयपूर, २ जून १९५९

हरिभाऊ,

तुमचं उत्तर मिळालं. टाइप केलेलं! खाली ‘आपला विश्वासू’! सी-स्कीम वस्तीतल्या माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसून माझ्याच हातची थालीपीठं खाणारा माणूस आता माझा विश्वासू झाला. कप्पाळ माझं.

लिहिता, ‘शास्त्र भावनेवर चालत नाही.’ अहो, हे मला शिकवता? उमाकांतरावांशी पाच वर्षं मी याच्यावरूनच भांडले. बोअरमधून वर आलेला गाळ ते बोटावर घ्यायचे आणि सरळ जिभेला लावायचे. मी ओरडायची, ‘अहो, शी! काय लहान मुलासारखी माती खाताय?’ तर हसून म्हणायचे, ‘शालिनीबाई, तुमची ती काचेची नळी, बुरेट, मला चार दिवसांनी सांगणार ते ही मेली जीभ आत्ताच सांगते.’ चार दिवसांनी माझा आकडा यायचा आणि त्यांची जीभ खरी ठरायची. दर वेळी नाही. पण इतक्या वेळा, की पुढे पुढे मी त्यांच्या तोंडाकडे बघूनच बाटली उघडायची.

तुम्ही विसरलात, म्हणून आठवण करून देते. आपण तिघं एकाच उन्हाळ्यात जयपुरात आलो. तुम्ही दोघं जमीन वाचणारे, मी प्रयोगशाळेत. तेव्हा एकदा ते आपल्याला चौमूंच्या पुढच्या माळावर घेऊन गेले होते. नजर जाईल तिथवर वाळू आणि आकाची झुडपं. मी म्हटलं, ‘इथे काय बघायचं?’ ते चालायला लागले. म्हणाले, इथे काठ होता. इथून नदी वळली. इथे पाणी संथ झालं आणि गाळ टाकून गेलं. हे सगळं वाळूच्या खाली, कितीतरी खाली, आणि तो माणूस वरून असा चालत होता जसा आपण ओळखीच्या आळीतून चालतो. मी पायाखाली बघितलं आणि खरं सांगते, मला भीती वाटली. उभे आहोत ती जमीन एकदम खोल वाटायला लागली. तुम्ही हसला नव्हतात तेव्हा. तुम्हीही टोपी काढून हातात धरली होती.

आणि पहिल्या पत्रात एक गोष्ट लिहिली नव्हती. लिहवली नाही.

त्या दिवशी मी खारड्याला पोचले तेव्हा देवराम बाजूला घेऊन म्हणाला, ‘ताई, साहेबांना अंघोळ घालायची, पन पानी खारं हाय. त्यानं कशी घालावी?’ तुम्हाला त्या गावचं पाणी ठाऊक आहे. कपडा धुतला तर वाळल्यावर पांढरा कडक होतो. प्यायचं पाणी तीन कोसांवरून उंटावर येतं, आणि ज्याच्या घरी गोड्या पाण्याचा माठ असतो तो त्याच्यावर पाटा ठेवतो. पाहुण्याला दूध मिळेल, पाणी मागायला माणूस लाजतो. मी म्हटलं, ‘खारं तर खारं. तेवढा वेळ कुठेय?’

तेवढ्यात एका घरातून एक म्हातारी आली. धापूमाजी नाव तिचं, पाठीतून वाकलेली. डोईवर लहानशी मडकी. तिने ती खाटेशेजारी ठेवली आणि बाजूला उभी राहिली. मग दुसऱ्या घरातून घुंघट ओढलेली एक सून आली. मग तिसरी. कुणी कुणाला हाक मारली नाही, कुणी बोलावलं नाही. प्रत्येक घरातून एक एक बाई यायची, भांडं ठेवायची आणि भिंतीला लागून उभी राहायची. कुणाचा लोटा, कुणाची घागर, एकीचं तर नुसतं फुलपात्र. तिच्याकडे तेवढंच होतं. सगळं गोडं पाणी. त्या रात्री त्या गावात कुणी काय प्यायलं असेल, हरिभाऊ?

देवराम आणि दोन मजुरांनी अंघोळ घातली. मी पाठ फिरवून उभी होते. पाण्याचा आवाज येत होता आणि सबंध गाव उभं होतं. बोअरला अजून थेंब लागलेला नव्हता. या माणसाने त्यांना काहीसुद्धा दिलेलं नव्हतं. दिला होता तो फक्त शब्द. शब्दावर एवढं मिळतं माणसाला? मी देवळात गेले तरी हात जोडताना दहा शंका काढणारी बाई आहे. त्या दिवशी माझे हात आपोआप जोडले गेले, कुणाला ते मला माहीत नाही.

ही भावना म्हणा हवं तर. तुमच्या फाइलीत ती बसणार नाही. पण यंत्र हलवायच्या आधी तुम्हाला हे ठाऊक असायला हवं.

शालिनी

जयपूर, ८ जून १९५९

हरिभाऊ,

हे पत्र हाताने लिहिलंत. अक्षर बघूनच निम्मा राग गेला. उरलेला ठेवते, लागेल पुढे.

विचारलंत, ‘उमाकांतकडे आधार काय होता? माझ्या बोअरला तीनशे फुटांवर खारं पाणी लागलं हे खोटं आहे का?’ नाही, खोटं नाही. तुमची बाटली मीच तपासली होती आणि ती खारटच होती. पण ते पाणी खालचं नव्हतं, असं त्यांचं म्हणणं. खारड्यात खारं पाणी वरच्या थरात आहे. तुमच्या वेळी पाइप घातला आणि पाइप नि माती यांच्यामधली फट तशीच राहिली. त्या फटीतून वरचं खारं पाणी तळाला उतरलं, आणि तुम्ही तळातून तेच उपसून मला पाठवलंत. माझ्या बुरेटला काय कळणार ते कुठून आलं?

हेच ते तुमच्या दिवाणखान्यात बोलले, दिल्लीहून आलेल्या साहेबांसमोर. ते चुकलंच त्यांचं. चारचौघांत मित्राचं काम असं उघडं करायचं नसतं. तुम्ही ताटावरून उठलात, वहिनींचं श्रीखंड वाट्यांत तसंच राहिलं, आणि महिन्याभरात तुम्ही बदली मागून गेलात. घरी परतताना उमाकांतराव मला म्हणाले, ‘मी गाढव आहे.’ मी म्हटलं, ‘आहातच.’ तीन पत्रं लिहिली त्यांनी तुम्हाला. ती तुम्ही उघडली का, हे मी विचारणार नाही.

पण एक सांगते. नंतर त्यांनी हे कुणापुढेही काढलं नाही. मनात आणलं असतं तर वरपर्यंत तक्रार करून तुमचा नकाशा रद्द करवता आला असता. मी एकदा चिडून म्हटलंही, करा ना मग. म्हणाले, ‘हरिभाऊसारखा नकाशा काढणारा माणूस मी पाहिला नाही. त्याला पाइपाने दगा दिला. नकाशा त्याचा आहे, दुरुस्त करायचा तर त्यानेच.’ शब्द न् शब्द त्यांचा आहे, माझ्या पदरचा नाही.

या वेळी फट कशी बुजवली विचारता. चिकणमातीने. चौमूंच्या कुंभारांकडे जाऊन स्वतः माती निवडली. मग मजुरांबरोबर मांडी घालून बसायचे आणि गोळे वळायचे, बुंदीचे लाडू वळावेत तसे. पाइपाच्या कडेने एक एक गोळा सोडायचा, तो खाली जाऊन भिजून फुगतो आणि फट बंद होते. एवढा मोठा अधिकारी, कोपरापर्यंत चिखल! मी जीपमधून उतरले तर मलाही बसवलं. म्हणाले, ‘तुमचा हात लाडवाला चांगला आहे, या.’ माझ्या हातचे गोळे आहेत त्या बोअरमध्ये, हरिभाऊ. सबब मी निःपक्षपाती नाही, हे फाइलीत नोंदवून ठेवा.

खाली पाणी असेलच, असं मी म्हणत नाही. नसेलही. पण तुमची पाहणी खरी की त्यांची, हे बोअर पुरा झाल्याशिवाय कसं कळणार? बंद केलात तर तुम्ही बरोबर ठरणार नाही. नुसती कुणाला खात्री राहणार नाही. तसं आयुष्यभर चालेल तुम्हाला?

पंधरा तारीख आठवड्यावर आली आहे. देवरामला बांधाबांध करायचा हुकूम झालाय. तो दोर सोडतो आणि पुन्हा बांधतो.

शालिनी

जयपूर, १७ जून १९५९

हरिभाऊ,

तुमची तार चौदाला संध्याकाळी आली. ‘काम चालू ठेवा. जबाबदारी माझी.’ कचेरीत मी ती सगळ्यांदेखत मोठ्याने वाचली, आणि मग खुर्चीवर बसून इतकी रडले की शिपाई पाणी घेऊन धावला. गेले तेव्हा रडले नव्हते ना, ते सगळं साचलेलं निघालं. बाकीचे म्हणत होते, बाईंना झालं तरी काय? सांगणार काय, डोंबल!

त्या तारेचा अर्थ मला कळत नाही असं समजू नका. स्वतःच्या सहीवर स्वतःच काट मारलीत. पाणी लागलं तर तुमची जुनी पाहणी चुकली. नाही लागलं तर भावनेच्या भरात सरकारचं यंत्र अडकवलं. दोन्हीकडून तुमचीच मान. आणि तरी तार केलीत.

काल मी तिकडे गेले. देवरामने पाळी लावून काम सुरू केलंय. ठाण ठाण करत ते लोखंड वर जातं, खाली आदळतं, वर जातं, आदळतं, आणि गाव कडेला बसून ऐकत असतं. बायका घुंघटातून ऐकतात. मी खाटेवर बसले होते. दुपारभर नुसता पिवळा गाळ येत होता. मी मनातल्या मनात तुमची क्षमा मागणारं पत्र लिहायलाही घेतलं होतं.

मग देवरामने बादली उपडी केली आणि काहीतरी खडखडलं. वाळूत असे खडखडणारे दगड नसतात. तो खाली बसला, मूठभर उचललं, खाऱ्या पाण्यात विसळलं आणि माझ्या ओंजळीत दिलं. गोटे, हरिभाऊ! सुपारीएवढे, आवळ्याएवढे, गुळगुळीत, गोल. कडा सगळ्या झिजलेल्या. असे गोटे मी कृष्णेच्या वाळवंटात लहानपणी वेचलेत. ते फक्त नदी करते. दुसरं कुणी करू शकत नाही, एवढं मलासुद्धा कळतं.

ऊन डोक्यावर, आजूबाजूला कोसभर पाण्याचा टिपूस नाही, आणि माझ्या हातात नदीचे दगड. माणूस जन्मायच्या आधीपासून अंधारात पडून होते. कुणी पाहिले नव्हते. फक्त एक जण इथे नदी आहे म्हणत वरून चालत गेला होता. देवरामने पागोटं काढलं आणि कुणाला तरी म्हणाला, ‘व्हय साहेब.’

पाणी अजून नाही. पण नदी होती, एवढं सिद्ध झालं. रात्री झोप लागली तर बघा.

शालिनी

जयपूर, २८ जून १९५९

हरिभाऊ, सप्रेम नमस्कार.

लिहिला एकदाचा. आता खरा आहे.

परवा बोअरमध्ये हवा सोडली. आधी नुसती फुसफुस, मग चिखल उडाला, माझं पातळ, देवरामचं डोकं, सगळं लाल. लोक मागे पळाले. मग चिखल पातळ झाला, गढूळ झाला, आणि बघता बघता पाइपातून मनगटाएवढी पांढरीशुभ्र धार पडायला लागली. थांबेचना.

कुणी पुढे होईना. पाणी गोडं की खारं, हे कुणालाच माहीत नव्हतं. पुढे होऊन चाखणारा माणूस आता नव्हता, आणि सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे. मी खाटेवर बुरेट मांडली. देवरामने स्टँड धरून ठेवला. तुम्हाला ठाऊक आहे, खाऱ्या पाण्याला ते औषध घालत बसावं लागतं, घालत बसावं लागतं, आणि पिवळ्याचं विटकरी काही होत नाही. मी थेंब सोडायला लागले. थोडेसे थेंब, आणि पाणी विटकरी झालं. मला वाटलं मीच चुकले. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग बुरेट तशीच टाकली, धारेपाशी गेले आणि ओंजळीने प्यायले. गटागटा प्यायले, हरिभाऊ. न उकळता, न गाळता. उमाकांतराव बघायला हवे होते!

‘मीठो छै,’ मी ओरडले. गोडं आहे! माझी मारवाडी तुम्हाला माहीत आहे. पण कळलं सगळ्यांना.

आरडाओरडा होईल असं वाटलं होतं. झाला नाही. धापूमाजीला वाट करून दिली. तिने लोटा धारेखाली धरला, तो भरून वाहायला लागला तरी धरूनच राहिली. मग प्यायली. पिऊन पुन्हा भरला. आणि भरलेला लोटा तिने जमिनीवर उपडा केला. सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत. बायकांच्या तोंडून ‘हाय राम’ निघालं. एक सून तर हात धरायला धावली. मला वाटलं म्हातारीचं चित्त फिरलं. जवळ जाऊन म्हटलं, ‘माजी, हे काय?’ तिने वर पाहिलं, घुंघट मागे पडला होता, तोंड धुळीने आणि पाण्याने माखलेलं. म्हणाली, ‘बाईसा, ढुळतो पाणी कदै देख्यो कोनी.’ एवढं वय झालं, पण सांडणारं पाणी तिने कधी पाहिलं नव्हतं. ते एकदा बघायचं होतं तिला.

मग मात्र सगळं गाव तुटून पडलं. कोण पीत होतं, कोण डोक्यावर घेत होतं, उंट कुणी आणले देव जाणे. देवराम यंत्राच्या आडोशाला जाऊन नाक शिंकरत होता. तंबाखू लागली म्हणाला.

तुमचा नकाशा चुकला, हरिभाऊ. हे मी लिहायचं टाळणार होते, पण तुम्हाला खोटं आवडत नाही. दुरुस्त तुम्हीच करायचा आहे. मी कचेरीत सांगून ठेवलंय, त्याच्यावर दुसऱ्या कुणी पेन्सिल लावायची नाही.

उमाकांतरावांनी जमिनीखाली नदी बघितली, त्यांच्यापुढे मी जन्मभर हात जोडीन. पण त्यांना आपण बरोबर आहोत याची खात्री होती. तुम्हाला तर आपण चुकीचे ठरू शकतो हे माहीत होतं, आणि तरी तुम्ही बोअर चालू ठेवलात. कोणतं जास्त अवघड, याचा मी दोन दिवस विचार करतेय.

निघताना धापूमाजीने मला थांबवलं. उमाकांतसाहेब तर गेले, मग काम चालू ठेवा म्हणणारा तो कोण? मी म्हटलं, त्यांचेच मित्र, दिल्लीला असतात. तिने विचारलं, ‘पाणी पियो वै?’ प्यायले का ते हे पाणी? मी म्हटलं, नाही, पाणी लागल्यापासून ते इथे आलेलेच नाहीत. ती माझ्याकडे अशी बघत राहिली की माझीच मान खाली गेली. म्हणाली, त्यांना बोलावून घ्या, मी लोटा भरून ठेवते.

मी बोलावत नाही, हरिभाऊ. ती बोलावतेय. या.

तुमची
शालिनी